बाजूच्या सेटबॅकमध्ये गॅरेज बांधण्यासाठी सवलत मागता येते का? (वडगाव, बेळगाव)

मागवाला_वडगाव

नमस्कार. प्रश्न घरगुती असला तरी त्यात कायद्याचा भाग आहे, म्हणून मोजमापांसह सविस्तर मांडतो.

आमचे घर वडगावात, महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. प्लॉट ४० फूट रुंद आणि ६० फूट खोल असून घर पूर्वाभिमुख आहे. १९९४ च्या मंजूर नकाशाप्रमाणे पुढे १० फूट, मागे ६ फूट, उत्तरेला ४ फूट आणि दक्षिणेला सव्वाआठ फूट, म्हणजे अडीच मीटर, जागा सेटबॅक म्हणून (इमारतीभोवती नियमाने सोडावी लागणारी जागा) मोकळी आहे. वडिलांनी या जागेत आजवर तुळशीवृंदावनापलीकडे काही उभे केलेले नाही.

गेल्या दसऱ्याला आम्ही अर्टिगा घेतली. तेव्हापासून ती रस्त्यावरच उभी असते. आमची गल्ली वीस फुटांची. समोरासमोर दोन गाड्या उभ्या राहिल्या की शाळेची व्हॅन अडते आणि मंगाई देवीच्या यात्रेच्या दिवसांत तर गाडी दोन दिवस नातेवाइकांच्या अंगणात नेऊन ठेवावी लागते. पावसाळ्यात उंदरांनी वायरिंग कुरतडले, तो खर्च वेगळाच.

दक्षिणेच्या मोकळ्या जागेत कंपाउंडच्या भिंतीचाच आधार घेऊन १८ फूट लांबीचे, वर स्लॅब असलेले गॅरेज बांधावे असा माझा विचार आहे. दक्षिणेकडच्या शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या कंपाउंडपासून साधारण तीन फुटांवर आहे. शेजारचे काका तोंडी म्हणाले, की आमची काही हरकत नाही. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र तसे दिसले नाही.

माझा मेहुणा परदेशात असतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे तिकडे अशा अडचणीत घरमालकाला ‘व्हेरियन्स’ नावाची सवलत मागता येते; मंडळ सुनावणी घेते आणि सेटबॅक कमी करून देते. आपल्याकडे असा अर्ज कोणाकडे करावा? महानगरपालिकेकडे की बुडाकडे (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे)? शेजाऱ्यांचे संमतिपत्र जोडल्यास काम होईल का? आणि स्लॅबऐवजी लोखंडी खांबांवर पत्रे घातले तर परवानगीची गरज उरते का? जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

चिरेबंदी

मी सिव्हिल इंजिनियर असून गेली अठरा वर्षे महानगरपालिकेत आणि बुडात नकाशे दाखल करतो आहे. आपल्या प्रश्नांची उत्तरे उलट्या क्रमाने देतो, कारण शेवटच्या प्रश्नातच बहुतेक लोक फसतात.

पत्र्याचे शेड म्हणजे बांधकाम नव्हे, ही समजूत चुकीची आहे. खांब जमिनीत रोवून त्यावर कायमचे छप्पर घातले आणि त्याखालची मोकळी जागा झाकली गेली, की सेटबॅकचा हेतू तिथेच संपतो. छप्पर स्लॅबचे की पत्र्याचे, हा प्रश्न दुय्यम ठरतो. सेटबॅक ठेवतात ते उजेड, वारा, पावसाचे पाणी जिरणे किंवा वाहून जाणे आणि वेळप्रसंगी अग्निशामकाचा पाइप मागच्या परड्यापर्यंत नेता येणे यांसाठी. यातल्या एकाही गोष्टीला पत्रा स्लॅबपेक्षा फारसा कमी अडथळा करत नाही. पागोळीच्या बाबतीत तर पत्रा अधिकच त्रासदायक.

अर्ज कोणाकडे करावा, हे आपले घर कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर अवलंबून आहे. जमिनीचा वापर, लेआऊट आणि विकास आराखडा यांचा विषय कर्नाटक नगर व ग्राम नियोजन कायदा, १९६१ खाली येतो आणि तो बुडाच्या अखत्यारीत आहे. आपले घर निवासी भागातच आहे आणि गॅरेजही निवासाचाच भाग आहे, त्यामुळे जमिनीचा वापर बदलत नाही. आपला प्रश्न बांधकाम परवान्याचा आहे. तो परवाना कर्नाटक महानगरपालिका कायदा, १९७६ आणि त्याखालचे उपविधी यांनुसार महानगरपालिका देते. बुडाचा जिना चढून वेळ घालवू नये.

आता मुख्य प्रश्न. ‘सेटबॅक कमी करून द्यावा’ असा अर्ज करण्यापूर्वी तो कोणत्या कलमाखाली करायचा, हे आपल्या इंजिनियरकडून लेखी मागून घ्यावे. माझ्या हातून आजवर बाजूच्या सेटबॅकमध्ये छप्पर दाखवलेला एकही नकाशा मंजूर झालेला नाही. कित्येकांना बंगळूरचे उदाहरण ठाऊक असते: तिथल्या २००३ च्या उपविधींत मंजूर नकाशापासून ५ टक्क्यांपर्यंतचे विचलन आयुक्तांना नियमित करता येई. पण ते बंगळूरचे उपविधी. आणि ते इथे लागू आहेत असे क्षणभर धरले तरी अडीच मीटरांचे ५ टक्के म्हणजे साडेबारा सेंटीमीटर होतात. एवढ्यात अर्टिगाचा आरसासुद्धा मावणार नाही.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, जी कायद्याच्याही आधी पाहायला हवी होती. कंपाउंडची नऊ इंची भिंत आपल्याच हद्दीत असेल, तर सव्वाआठ फुटांतून ती वजा होऊन आत साडेसात फूट उरतात. अर्टिगाची रुंदी १७३५ मिलीमीटर, म्हणजे आरसे सोडून पावणेसहा फुटांना थोडी कमी. गाडी एका भिंतीला अगदी चिकटवून लावली तरी दुसऱ्या बाजूला जेमतेम बावीस इंच मिळतील. तेवढ्यात दार अर्धवट उघडून आपण कदाचित बाहेर पडाल. आपले वडील पडतील का, याचा विचार करावा. परवानगी मिळाली तरी हे गॅरेज गैरसोयीचेच होईल.

गल्लीकर

इंजिनियर साहेबांचे म्हणणे कागदावर बरोबर असेल, परंतु शहापूर, खासबाग, अनगोळ या भागांत एक फेरी मारली तर दर तिसऱ्या घराच्या बाजूला पत्रे दिसतील. त्यांतल्या कोणी परवानगी घेतली आहे? रात्रीत खांब उभे करायचे, सकाळी पत्रे टाकायचे आणि पुढच्या वर्षी घरपट्टीत शेडची नोंद करून घ्यायची, अशी इथली रीत आहे. कर भरला की ते आपोआप कायदेशीर होते. साध्या माणसाने इतके कायदे पाहत बसायचे ठरवले, तर त्याची गाडी जन्मभर रस्त्यावरच राहील.

काळा_कोट

गल्लीकर यांच्या प्रतिसादातील एक वाक्य दुरुस्त करणे भाग आहे, कारण ते वाचून कोणाचे तरी नुकसान होईल. कर भरल्याने बेकायदा बांधकाम नियमित होत नाही. विनापरवाना बांधकामावर कर आकारता येतो, पण त्या आकारणीमुळे मालकाला कोणताही हक्क मिळत नाही, हे १९७६ च्या कायद्यातच स्पष्ट केलेले आहे. शेजाऱ्याने तक्रार केली, की त्याच कायद्याच्या कलम ३२१ खाली आधी तात्पुरता आदेश निघतो, मग कारणे दाखवण्याची संधी मिळते आणि कारण पटले नाही तर तो आदेश कायम होऊन बांधकाम पाडले जाते. दहा वर्षे कोणी तक्रार केली नाही, याचा अर्थ अकराव्या वर्षी कोणी करणार नाही असा होत नाही. भावाभावांत वाटणी होते, शेजारचे घर विकले जाते आणि नवा मालक पहिल्याच महिन्यात टेप घेऊन उभा राहतो. माझ्याकडे येणारी बहुतेक प्रकरणे अशीच असतात.

पुष्कळांच्या मनात ‘अक्रम-सक्रम’ची आशा अजून आहे, म्हणून तीही परिस्थिती सांगतो. १९६१ च्या नियोजन कायद्यात २००७ मध्ये घातलेल्या तरतुदीनुसार निवासी इमारतींचे ५० टक्क्यांपर्यंतचे आणि इतर इमारतींचे २५ टक्क्यांपर्यंतचे उल्लंघन दंड घेऊन नियमित करण्याची ती योजना होती. त्यासाठी बांधकाम १९ ऑक्टोबर २०१३ पूर्वीचे असणे आवश्यक होते. उच्च न्यायालयाने ती योजना वैध ठरवली, परंतु जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. आज नवे बांधकाम करून त्या योजनेवर भिस्त ठेवणे म्हणजे बंद झालेल्या एस. टी. थांब्यावर गाडीची वाट पाहणे होय. शिवाय १७ डिसेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अनधिकृत बांधकामांबाबत अधिक कडक भूमिका घेतली असून, पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पाहिल्यावरच वीज, पाणी आणि मलनिस्सारणाच्या जोडण्या द्याव्यात असे बजावले आहे. उद्या वरच्या मजल्यासाठी हेस्कॉमकडे वेगळा मीटर मागायला गेलात, तर या शेडचा मुद्दा तिथे अडचणीचा ठरू शकतो.

मूळ प्रश्नकर्त्यांनी संमतिपत्राविषयी विचारले आहे. शेजाऱ्यांची संमती आणि महानगरपालिकेची परवानगी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. सेटबॅक केवळ शेजाऱ्यांच्या सोयीसाठी नसतो, त्यामुळे तो माफ करणे शेजाऱ्यांच्या हातात नाही. उलट दिशेने मात्र शेजारी बराच परिणाम घडवू शकतात. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम १५ नुसार एखाद्या इमारतीला एखाद्या बाजूने उजेड आणि वारा वीस वर्षे अखंड, शांततेने आणि हक्काने मिळत आला असेल, तर तो मिळत राहण्याचा अधिकार निर्माण होतो. हा कायदा १८९१ मध्ये मुंबई इलाख्याला लागू झाला आणि बेळगाव तेव्हा त्या इलाख्यात होते, त्यामुळे आपल्याकडे त्याची मुळे जुनी आहेत. काकूंची खिडकी किती वर्षांपूर्वीची आहे? वीस वर्षांहून जुनी असेल आणि आपल्या गॅरेजमुळे त्या खोलीचा उजेड लक्षणीय कमी होत असेल, तर मनाईहुकूम मिळवण्यास त्यांना चांगला आधार आहे. काकांचे तोंडी ‘हरकत नाही’ न्यायालयात काकूंना बांधून ठेवणार नाही.

कॅम्पातला

विषयात थोडी भर. कॅम्पमधील (लष्करी छावणीतील) घरांना यातले काहीही जसेच्या तसे लागू होत नाही. तिथे कँटोन्मेंट कायदा, २००६ नुसार बोर्डाला नोटीस देऊन मंजुरी घ्यावी लागते आणि जागा जुन्या ग्रँटची असेल, तर जमिनीची मालकीच संरक्षण खात्याकडे असते. आमच्या बंगल्याच्या आवारात मोटारखान्याचे नुसते छप्पर बदलायचे होते, त्यासाठीही कागद फिरवावे लागले. वडगावकरांनी स्वतःला सुदैवी समजावे.

खानापूर_ते_जर्सी

मी मूळचा खानापूर तालुक्यातला. गेली बावीस वर्षे न्यू जर्सीत राहतो. ‘व्हेरियन्स’चा उल्लेख आला आहे आणि मी स्वतः गॅरेजसाठीच त्या प्रक्रियेतून गेलो आहे, म्हणून ती नेमकी काय असते ते लिहितो. दुरून ती वाटते तितकी मवाळ नाही.

अमेरिकेत संपूर्ण शहरासाठी झोनिंगचा, म्हणजे कुठल्या भागात काय आणि कसे बांधावे याचा, पहिला नियम न्यूयॉर्कने १९१६ मध्ये केला आणि १९२६ मध्ये ओहायोतील युक्लिड गावाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांना मान्यता दिली. सगळ्या प्लॉटांना एकच माप लावले, की एखादा तिरपा किंवा उताराचा प्लॉट नाहक भरडला जातो. तशा प्लॉटसाठी ठेवलेली वाट म्हणजे व्हेरियन्स. न्यू जर्सीच्या कायद्यात घरगुती गॅरेजसारख्या प्रकरणांना ‘सी’ प्रकारचा व्हेरियन्स लागतो आणि त्याचे दोन मार्ग आहेत. पहिला अडचणीचा: प्लॉट असाधारण अरुंद, उथळ किंवा वेड्यावाकड्या आकाराचा आहे, अथवा जमिनीच्या चढउतारामुळे नियम पाळणे कठीण जाते, हे सिद्ध करावे लागते. दुसरा फायद्याचा: नियमापासून थोडे हटल्याने नियोजनाचा हेतू अधिक चांगला साधतो आणि होणारा लाभ हानीपेक्षा ठळकपणे मोठा आहे, हे दाखवावे लागते. दोन्ही मार्गांत सार्वजनिक हिताला मोठी बाधा येत नाही, हे वेगळे पटवावे लागतेच.

माझ्या प्लॉटच्या मागच्या बाजूला ओढा आहे आणि तिथे जमीन एकदम खाली उतरते. बाजूला १० फूट सोडणे बंधनकारक होते. मला ४ फूट सोडून गॅरेज बांधायचे होते. प्लॉटपासून २०० फुटांच्या आत असलेल्या प्रत्येक मालमत्तेच्या मालकाला सुनावणीच्या किमान दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागली आणि वर्तमानपत्रात जाहिरातही द्यावी लागली. सात सदस्यांच्या मंडळासमोर मला शपथेवर बोलायचे होते. मी सुरुवातच अशी केली, की आमच्याकडे तीन गाड्या झाल्या आहेत आणि हिवाळ्यात बर्फ काढणे जड जाते. अध्यक्षांनी मला तिथेच थांबवले. त्यांचे म्हणणे होते, की तुमच्या गाड्या किती आहेत हे आम्हाला ऐकायचे नाही. तुमच्या जमिनीची अडचण काय आहे, ती सांगा. मग माझ्या सर्व्हेअरने उताराचा नकाशा मांडला आणि समोरच्या आजींनी पाणी कुठे जाईल, हा एकच प्रश्न तीन वेळा विचारला. शेवटी ६ फूट सोडून, छपराचे पाणी माझ्याच आवारात जिरवण्याच्या अटीवर मंजुरी मिळाली. त्यानंतर लेखी ठराव, ठरावाची प्रसिद्धी आणि त्यावर अपिलासाठी ४५ दिवसांची मुदत. वकील, सर्व्हेअर आणि फी यांचा खर्च गॅरेजच्या पायापेक्षा जास्त झाला.

हे इतके लिहिण्याचे कारण असे, की मूळ प्रश्नकर्त्यांचा ४० बाय ६०चा सरळ, सपाट प्लॉट पाहता त्यांना न्यू जर्सीतही अडचणीच्या मार्गाने व्हेरियन्स मिळणे अवघड गेले असते. त्यांची अडचण गाडी घेतल्यावर निर्माण झाली. जमिनीत ती नव्हती. तिकडच्या भाषेत याला स्वतः ओढवून घेतलेली अडचण म्हणतात.

मागवाला_वडगाव

सर्वांचे आभार. काळा_कोट यांच्या प्रश्नाचे उत्तर: शेजाऱ्यांचे घर १९८९ चे आहे आणि खिडकी तेव्हापासूनची आहे. म्हणजे तो विषय तिथेच संपला.

चिरेबंदी साहेबांचा प्रतिसाद वाचून काल रात्री टेप घेऊन मोजले. आत साडेसात फूटही भरत नाहीत. एके ठिकाणी कंपाउंडचा खांब चार इंच पुढे आलेला आहे. गाडी घेण्यापूर्वी जे मोजायला हवे होते, ते इतक्या महिन्यांनी मोजले.

आणखी एक गोष्ट. जुना नकाशा शोधताना वडिलांनी १९९४ मध्ये दिलेले हमीपत्र सापडले. ते कन्नडमध्ये असल्यामुळे घरात आजवर कोणी नीट वाचलेले नव्हते. मुलीने वाचून दाखवले: मोकळी जागा कायम मोकळी ठेवीन आणि त्यात कोणतेही बांधकाम करणार नाही, असे त्यात स्पष्ट लिहून वडिलांनी सही केलेली आहे. वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, की कारकुनाने जिथे बोट ठेवले तिथे सही केली. यापुढे घरातला कुठलाही कागद मराठीत समजून घेतल्याशिवाय सहीसाठी पुढे करायचा नाही, असे ठरवले आहे. पण गाडीचा प्रश्न तसाच राहिला.

उचगावकर

आमचे घर ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे आणि उतारा फॉर्म ११ बीचा (रीतसर मंजुरी नसलेल्या मालमत्तांच्या नोंदीचा) आहे. आम्हाला हे सेटबॅक लागू होतात का? इथे तर कोणी विचारतही नाही.

काळा_कोट

ग्रामपंचायत हद्दीतही १९९३ च्या पंचायत राज कायद्याच्या कलम ६४ नुसार बांधकामाला परवानगी लागते, आणि बेळगावच्या आसपासची अनेक गावे बुडाच्या नियोजन क्षेत्रात येत असल्यामुळे तिथले नियमही पाहावे लागतात. आपला उतारा ११ बी आहे, याचा अर्थ गॅरेजच्या आधी जमिनीच्याच कागदांकडे लक्ष द्यायला हवे, ती एन. ए. (बिगरशेती) झालेली आहे का, तिथून सुरुवात करावी. त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा.

सोप्यावरून

मी शहापूरची आहे आणि माझे माहेर विणकराचे. मूळ प्रश्नकर्त्यांच्या नावावरून एक शंका येते, ती विचारते. तुमच्या घरात मागाची खोली आहे का आणि असेल तर ती सध्या कशासाठी वापरता? आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत रस्त्याच्या अंगाला मागाची लांबट खोली असते. यंत्रमाग बंद पडल्यापासून तिथे जुनी भांडी, गणपतीचे मखर आणि मोडकी सायकल यांचा ढीग झालेला असतो. आमच्या माहेरी भावाने त्याच खोलीची पुढची भिंत काढून तिथे गाडी लावायला सुरुवात केली. खोली मुळातच मंजूर इमारतीचा भाग असल्यामुळे सेटबॅकचा प्रश्नच आला नाही. तुमच्याकडे तशी खोली नसेल, तर हा प्रतिसाद सोडून द्यावा.

मागवाला_वडगाव

ताई, खोली आहे. घराच्या आग्नेय कोपऱ्यात, ११ फूट रुंद आणि २० फूट खोल, रस्त्याकडे तोंड असलेली. त्यात दोन यंत्रमाग आहेत आणि गेली सहा वर्षे ते बंद आहेत. खरे सांगायचे तर ही खोली मला सुचली नव्हती असे नाही; वडिलांसमोर तिचे नाव काढायचे नव्हते. ते अजूनही रोज सकाळी तिथे जाऊन मागांवरची धूळ पुसतात.

आज जेवताना विषय काढला. त्यांनी लगेच काही उत्तर दिले नाही. हात धुताना एवढेच विचारले, की खोलीतली फरशी खाली घ्यावी लागेल ना? म्हणजे त्यांनी माझ्या आधीच विचार केलेला होता.

चिरेबंदी

वडिलांनी योग्य जागी बोट ठेवले आहे. हा मार्ग मला सर्वांत सरळ वाटतो, परंतु यात काम थोडे नाजूक आहे, म्हणून मुद्दे नीट मांडतो.

आधी मापे. अर्टिगाची लांबी ४३९५ मिलीमीटर, म्हणजे साडेचौदा फुटांच्या आत. वीस फुटी खोलीत पुढे-मागे मिळून साडेपाच फूट उरतात, आणि अकरा फूट रुंदीत दोन्ही बाजूंची दारे व्यवस्थित उघडतात. सेटबॅकमधल्या गॅरेजशी तुलनाच नको.

परवानगी तरीही लागेल. बाहेरची भारवाहक भिंत काढणे आणि खोलीचा वापर बदलणे हा इमारतीतला फेरफार आहे, त्यामुळे सुधारित नकाशा दाखल करावा लागेल. सोबत चालू वर्षाची घरपट्टी भरल्याची पावती, ई-खात्याचा (मालमत्तेच्या संगणकीकृत नोंदीचा) उतारा, १९९४ चा मंजूर नकाशा आणि स्ट्रक्चरल इंजिनियरचा दाखला जोडावा. अर्ज ‘सकाल’ या राज्य सरकारच्या मुदतबद्ध सेवेखाली नोंदवून त्याचा पंधरा अंकी क्रमांक जपून ठेवावा. मुदत टळली, तर त्या क्रमांकाशिवाय दाद मागता येत नाही.

आता भिंत. १९९४ ची नऊ इंची विटांची बांधणी आणि वर स्लॅब, त्यावर कदाचित आणखी एखादी खोली. अशा भिंतीत नऊ फुटांचे दार उघडायचे, तर दोन्ही टोकांना प्रत्येकी एकच फूट भिंत उरते. तेवढ्या विटांच्या तुकड्यावर बीमचा भार सोपवणे धोक्याचे आहे. दोन्ही बाजूंना पायापासून नवे काँक्रीटचे खांब उभे करून त्यांवर बीम टाकावा, आणि तोवर स्लॅबला आतून व बाहेरून टेकू द्यावेत. गवंडी म्हणेल, की एवढ्याची गरज नाही, वरून एक गर्डर सरकवू. त्याचे ऐकू नये. टेकू काढण्याची घाईही करू नये. काँक्रीट पुरेसे पक्के झाले, असे इंजिनियरने सांगितल्यावरच ते काढावेत.

फरशीचे गणित असे, की जोते दीड फूट उंच असेल आणि पुढे दहाच फूट जागा असेल, तर उतार साधारण सातास एक होतो. त्यावर गाडीचे पोट घासण्याची शक्यता असते आणि पावसात चाक घसरते. रॅम्प रस्त्यावर किंवा गटारावर पुढे काढता येत नाही, हे वेगळे सांगायला नको, जरी निम्म्या बेळगावने ते केलेले आहे. त्यामुळे खोलीतला भराव एक फूट काढून फरशी खाली घ्यावी. बाहेरच्या जमिनीपेक्षा ती सहा इंच उंच राहिली, की पाणी आत येत नाही आणि उतार वीसास एक इतका सौम्य होतो. मात्र शेजारच्या खोलीचा भराव मधल्या जोत्याच्या भिंतीवर रेटा देईल. ती भिंत दगडी आहे की विटांची, हे खणून पाहिल्याशिवाय भराव काढू नये.

गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात उघडणारे दार असेल, तर ते बुजवावे. दक्षिणेच्या खिडकीला जाळी बसवून ती उघडी ठेवावी, म्हणजे धूर साचणार नाही. मागांसाठी विणकर सवलतीची वीजजोडणी असेल, तर ती रीतसर परत करावी. पुढे विजेवरची गाडी घेऊन ती त्या मीटरवर भारित करण्याचा मोह अनेकांना होतो.

गल्लीकर

मी आधी लिहिले ते मागे घेत नाही, कारण गल्लीत दिसते तेच लिहिले होते. पण खोली असताना पत्रे कोण घालेल? हे बरे आहे.

मागवाला_वडगाव

सात महिन्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

सुधारित नकाशाला मंजुरी मिळाली. मधे एक चूक निघाली: दाखल केलेल्या नकाशात दक्षिणेची मोकळी जागा अडीचऐवजी दोन मीटर दाखवली गेली होती. पाहणीला आलेल्या अभियंत्यांनी ती पकडली आणि नकाशा परत आला. आमच्याच इंजिनियरची चूक होती, त्यामुळे कोणाला बोल लावता आला नाही. या वेळी हमीपत्राचा मजकूर मुलीने आधी मराठीत लिहून दिला, वडिलांनी तो दोनदा वाचला आणि मगच कन्नड प्रतीवर सही केली. मोकळी जागा मोकळी ठेवण्याची अट त्यातही आहे.

मधली जोत्याची भिंत दगडी निघाली, त्यामुळे भरावाचे काम निभावले. टेकू एकवीस दिवस ठेवले. गवंडी रोज विचारत असे, की अजून किती दिवस. भराव काढताना जमिनीत एक चौकोनी, दगडांनी बांधलेला खड्डा लागला. आजोबांचा हातमाग त्या जागी होता, असे वडिलांनी सांगितले; पाय खाली सोडून बसण्याचा तो खड्डा. मिस्त्रीने सुचवले, की झाकण बसवून ठेवा, गाडीचे तेल बदलायला खालून जाता येईल. चिरेबंदी साहेबांना फोटो पाठवला, तेव्हा त्यांनी पेट्रोलची वाफ खड्ड्यात साचते असे कळवले, म्हणून तो मुरूम आणि काँक्रीटने भरून घेतला.

पहिल्या पावसात शटरच्या खालून पाणी आत आले. उंबरठ्यावर आडवी जाळीची पन्हाळ केली आणि तिचे पाणी तुळशीकडच्या मातीत सोडले. आता खोली कोरडी राहते.

मागांविषयी दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले आहे. एक माग खासबागेतल्या विणकराने नेला. दुसऱ्याला गिऱ्हाईक आले नाही, तो भंगारात द्यावा लागला. त्याचा धोटा वडिलांनी काढून घेतला. विक्रीसाठी आता काही शिल्लक नाही.